अस्वलाने फोडलेली काच

गाडीची फुटलेली काच मी बसवून घेतली. ही माझी चूक.

लोकांच्या चुका गाडी ठोकताना होतात, माझी दुरुस्त करताना झाली. तीही नेमकी नको त्या आठवड्यात. पण काच फुटली कशी आणि फुटल्यावर काय झालं, हे कळल्याशिवाय माझ्या मूर्खपणाची खरी चव तुम्हाला लागायची नाही. म्हणून थोडं मागे जातो.

मी आरमोरीला शाळेत शिकवतो. गाडी घ्यायची ठरली तेव्हा स्टाफरूममधल्या झाडून सगळ्यांनी एकच सांगितलं, रस्त्यावर जी जास्त दिसते तीच घ्या सर. एरवी ज्यांचं चहात साखर किती यावरही एकमत होत नाही त्यांचं एकमत झालेलं पाहून मला संशय आला. मी चंद्रपूरला नवीनच उघडलेल्या एका शोरूममध्ये गेलो आणि आमच्या पंचक्रोशीत कोणीच घेतली नव्हती अशी सगळ्यांत स्वस्त गाडी घेऊन आलो. कोणीच का घेतली नसेल, हे मनात आलं नाही. शोरूमवाल्यांनी हार घातला, पेढे दिले आणि बायकोच्या नि माझ्या हातात थर्माकोलची भलीमोठी किल्ली देऊन फोटो काढला. त्या गाडीबरोबर मिळालेल्या वस्तूंत सगळ्यांत टिकाऊ निघाली ती थर्माकोलची किल्ली. अजून कपाटावर आहे.

पहिल्या सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा शोरूम जागेवर होतं. दुसऱ्या वेळी गेलो तर तिथे टाइल्सचं दुकान.

"इथलं गाडीचं शोरूम कुठी गेलं जी?" मी काउंटरवरच्या माणसाला विचारलं.

"गेलं ना भाऊ, बंद होऊन. बाथरूमच्या टाइल्स दाखवू काय?"

कंपनीच्या फोनवर एक गोड आवाजाची मुलगी होती. ती म्हणाली, सर, तुमचं सगळ्यांत जवळचं सर्व्हिस सेंटर नागपूरला आहे. आता गाडी न रुसता नागपूरपर्यंत गेली असती तर मला सर्व्हिस सेंटर कशाला लागलं असतं?

गाडीचे स्वभाव मला हळूहळू कळत गेले. डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजायचा, त्यामुळे डाव्या हाताच्या गल्लीतले लोक मला फार उद्धट समजायचे. एसीतून ओल्या गोणपाटाचा वास यायचा. चारी काचा बटणावरच्या. वर्षभरात बटणं मेली आणि ज्या काचा त्या वेळी वर होत्या त्या कायमच्या वरच राहिल्या. फक्त ड्रायव्हरच्या बाजूची काच निम्मी खाली यायची, तीही दोन्ही हातांनी ओढल्यावर. गावातल्या मिस्त्रीने गाडीचं बॉनेट उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि परत लावून टाकलं. "सर, हिचा एकही पार्ट माया वळखीचा नाई," तो म्हणाला. "ट्रॅक्टर असती त मी तुमाले सोडलं नसतं."

आमच्या घरात गाडीकडे अजिबात न पाहणारी एक व्यक्ती होती, माझ्या सासूबाई. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडेच राहतात. त्यांना गाडी लागते. लागते म्हणजे अशी की एसटी स्टँडवर डिझेलचा वास आला तरी पदर नाकाला जातो. लिंबू, आवळासुपारी, सीटवर पेपर टाकून त्यावर बसणं, सगळं करून झालं. माझ्या गाडीत त्यांना पुढे बसवून पाहिलं, मागे बसवून पाहिलं. बंद काचा आणि तो गोणपाटाचा वास, म्हणजे गाव संपायच्या आत मला गाडी कडेला घ्यावी लागे. शेवटी त्यांनीच हात जोडले. "जवाईबापू, तुमी जा. मी पायदळ भली."

त्या पायदळ, म्हणजे चालत, तळ्यापर्यंत जायच्या, विहारात जायच्या, बाजारात जायच्या. पण जिथे त्यांना खरं जायचं होतं ते पायदळाच्या पलीकडे होतं. त्यांची थोरली बहीण गडचांदूरजवळच्या एका खेड्यात असते, म्हणजे इकडून दोन नद्या आणि मधलं सगळं जंगल ओलांडून. तिला त्या 'बाई' म्हणतात. लहानपणीच्या वेण्यांचं सांगायच्या, "आमची माय रोवण्याले जाये, मंग माही येनी बाईच घाले. अशी वढे, अशी वढे, का डोळे मिचमिचे होत." बाईला आता चालवत नव्हतं आणि सासूबाईंना गाडी लागत होती, त्यामुळे दोघींची कित्येक वर्षांत भेट नव्हती. फोन होता, पण बाईला ऐकू येत नाही. दोघी आपापल्या फोनवर "जेवली काय?" असं ओरडायच्या आणि उत्तर न ऐकताच ठेवून द्यायच्या.

आता अस्वलाकडे येतो.

उन्हाळा लागला होता, मोहफुलांचे दिवस. धानोऱ्याकडच्या एका गावात माझा जुना मित्र राहतो, त्याच्याकडे मुक्कामाला गेलो होतो. सासूबाईंना वाळलेल्या मोहफुलांचे लाडू फार आवडतात, म्हणून त्याच्याकडून चांगलं पोतंभर मोह घेतलं. सकाळी विसरायला नको म्हणून संध्याकाळीच मागच्या सीटवर नेऊन ठेवलं आणि गाडी गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत लावली. त्या भागातलं शेंबडं पोरही मोह असं ठेवत नाही. मोह घरात, दाराला आडणा घालून. मीही इथलाच, जन्म इथे गेला, मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण माणसाला एकदा चारचाकी आली की त्याला वाटतं, आपल्या गाडीचं दार म्हणजे दार आहे.

सकाळी पाहतो तर डाव्या बाजूच्या मागच्या दाराची काच नाहीच. सीट फाटलेली, पोतं बाहेर ओढून उसवलेलं आणि मातीत थोडी फुलं सांडलेली. बाकीची अस्वलाच्या पोटात. दारावर चार ओरखडे होते, ते अजून आहेत.

मित्राने गाडीभोवती एक चक्कर मारली. "एका रपाट्यात फोडली गा," तो कौतुकाने म्हणाला. कौतुक काचेचं नव्हतं.

मी कंपनीला फोन लावला. मुलगी म्हणाली, "सर, गाडीला काय धडकलं?"

"धडकलं नाही. अस्वलाने फोडली."

मग तिने कागदावरचा पुढचा प्रश्न विचारला असावा. "सर, टू-व्हीलर होती की फोर-व्हीलर?"

"चार पायांचं होतं."

माझी तक्रार 'अज्ञात वाहनाची धडक' अशी नोंदली गेली. काच मागवली आहे, आली की कळवू, असा निरोप आला. मग मी दर पंधरा-वीस दिवसांनी फोन करत राहिलो आणि ती गोड आवाजात काच वाटेत आहे असं सांगत राहिली. पावसाळा गेला, धानं निसवली, तरी काच वाटेतच. मी खिडकीला प्लास्टिकचा कागद चिकटवून गाडी चालवत होतो. पोरं मला 'पन्नीवाले सर' म्हणू लागली.

दिवाळीच्या सुमारास सासूबाईंच्या एका डोळ्याला फारच दिसेनासं झालं. डॉक्टर गडचिरोलीला. नाइलाजाने त्या मागे बसल्या, हातात पिशवी, डोळे मिटलेले, फाशीला चालल्यासारखा चेहरा. गाव मागे पडलं आणि वाऱ्याने तो प्लास्टिकचा कागद उखडून नेला. मी म्हणालो, थांबतो, आणतो. मागून आवाज आला, "राहू द्या."

मी आरशात पाहिलं. त्यांनी डोळे उघडले होते. मग हळूच कोपर खिडकीबाहेर काढलं. मग कोपरावर हनुवटी टेकवली, बैलबंडीत बसतात तशा. माझी गाडी चाळीसच्या वर जायला कुरकुरते आणि चढावर तर माणसाच्या चालीने चालते, त्यामुळे रस्त्याने चालणाऱ्यांशी त्यांना निवांत बोलताही येत होतं. "काऊन जी, धान चुरून झाले काय?" असं एका म्हाताऱ्याला विचारलं, आणि तो उत्तर देत थोडं अंतर बरोबर आला. मला वाटतं तो पुढेही गेला असता, पण त्याला डावीकडे जायचं होतं.

गडचिरोली आली. पिशवी कोरडी होती.

परत येताना आरमोरीचं वळण आलं तर म्हणाल्या, "जवाईबापू, थोडं पुढं घेता काय? उगीच." मी घेतली. देसाईगंजच्या रस्त्याला लागलो आणि बऱ्याच लांबवर जाऊन परत आलो. घरी उतरल्यावर त्यांनी गाडीच्या दारावरून, अस्वलाच्या ओरखड्यांवरून हात फिरवला. मला इतकं बरं वाटलं की मी आत जाऊन बायकोला म्हटलं, "पाह्यलं? गाडी घ्यायला अक्कल लागते." ती म्हणाली, "अस्वलाले सांगा."

त्यानंतर रोज संध्याकाळी आमची फेरी ठरून गेली. आणि एका संध्याकाळी तळ्याच्या पाळीजवळ सासूबाईंनी विचारलं, "बाईकडं जाता येईल काय हो ह्या गाडीनं?"

गडचांदूरहून बाईच्या सुनेचा फोन आला होता. बाई आता माणसं विसरायला लागली होती. मुलाला तिने एकदा सोयरा समजून पाणी दिलं. सुनेला विचारलं, तू कोनाची? सासूबाईंनी हे सांगितलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या. "मले वळखते तवरक मी भेटून आली असती त बरं झालं असतं," इतकंच म्हणाल्या.

नाताळच्या सुट्टीत जायचं ठरलं. सासूबाईंनी लाडू केले, बाईसाठी पांढरं लुगडं घेतलं, मी टायरमध्ये हवा भरली. आणि निघायच्या आदल्या दिवशी काच आली.

काच घेऊन नागपूरहून कंपनीचा एक माणूस एसटीने आला. काच चादरीत गुंडाळलेली, लग्नातल्या मानाच्या वस्तूसारखी मांडीवर धरलेली. मला इतका आनंद झाला की मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. थंडीचे दिवस, लांबचा रस्ता, वारा, वर खदानींची धूळ. मनात म्हटलं, सासूबाईंना काय राजेशाही प्रवास घडेल! त्या विहारात गेल्या होत्या, म्हणून त्यांना न सांगताच बसवून घेतली. आता तुम्ही विचाराल, एवढं सगळं डोळ्यांनी पाहूनही या माणसाच्या लक्षात कसं आलं नाही? नाही आलं. इतके महिने मी त्या मुलीला काच मागत होतो. मागितलेली वस्तू मिळाल्यावर ती कशाला हवी होती हे कोण आठवत बसतं?

माणसाला परतीची बस धरायची होती. त्याने दार उघडलं, काच आत सारली, काहीतरी खटखट केलं, दार लावलं.

"खाली-वर होते ना?" मी विचारलं.

"सर, ऑर्डर काचेची होती. मोटरची तक्रार वेगळी टाका," असं म्हणून तो स्टँडकडे पळाला. बांधाबांधीच्या गडबडीत त्या संध्याकाळची फेरीही राहून गेली.

जायच्या दिवशी सकाळी सासूबाई बाहेर आल्या. नवं लुगडं, केसांचा चापूनचोपून अंबाडा, हातात लाडवांचा डबा. काच पाहून त्या थबकल्या. मी हात पसरून म्हणालो, "कशी वाटते?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा फारच आनंदी असावा, कारण त्या म्हणाल्या, "चांगली आहे जी," आणि निमूट आत बसल्या.

गडचिरोलीपर्यंत त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं, आराम वाटतोय. वैनगंगेचा पूल ओलांडला आणि मागून आवाज आला. त्यानंतर मूल गावाच्या अलीकडे पोहोचेपर्यंत मी तीनदा की चारदा गाडी थांबवली. शेवटच्या वेळी एका चहाच्या टपरीजवळ थांबलो. बायकोने त्यांना धरून बाकावर बसवलं, तोंड धुवायला पाणी दिलं. चेहरा राखेसारखा झाला होता. अंबाडा मात्र तसाच घट्ट होता.

"जवाईबापू, वापस चला," त्या म्हणाल्या. "नाई जमत मले."

"अजून अर्धाही रस्ता नाही झाला आई," बायको म्हणाली. मग ती माझ्याकडे वळली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "कायले लावली तुमी ते काच?"

मी ड्रायव्हरच्या जागी वारा येतो हे आठवून पाहिलं, पण त्यासाठी सासूबाईंना स्टेअरिंगवर बसवावं लागलं असतं. लाडवांचा डबा बायकोच्या मांडीवर होता. त्या डब्याकडे पाहून मी डिकीतून जॅकचा दांडा काढला.

"अहो, काय करून राह्यले?"

"अस्वलाचं काम," मी म्हणालो, आणि दांडा काचेवर हाणला.

दांडा टणकन उडाला आणि माझ्या हाताला झिणझिण्या आल्या. काचेला काही झालं नाही. परत हाणला. परत उडाला. त्या कंपनीने आयुष्यात एकच गोष्ट मजबूत बनवली होती आणि ती नेमकी मला फोडायची होती. टपरीवाली बाई चहा उकळत ठेवून बाहेर आली. "किल्ली आत राह्यली काय भाऊ?"

"नाही. किल्ली आहे."

"मंग दरवाजा उघडा ना."

मी दार उघडलं. उघड्या दाराच्या काचेवर आतून हाणलं, बाहेरून हाणलं, तळव्यांनी खाली दाबली, लोंबकळलो. सासूबाई बाकावरून पाहत होत्या आणि आजारीपणातही त्यांच्या तोंडावर दयेसारखं काहीतरी आलं होतं. मला ते सहन झालं नाही. दांडा फेकला आणि रागारागाने दार धाडकन लावलं.

दाराच्या पोटात 'धप्प' असा आवाज झाला. काच गेली. फुटली नाही, तडकली नाही, अख्खीच्या अख्खी दाराच्या आत जाऊन पडली. परतीच्या बसच्या घाईत त्या माणसाने ती कशालाही न अडकवता नुसती टेकवून ठेवली होती. इतकी वर्षं मी ज्यांच्या नावाने खडे फोडले त्या सर्व्हिसवाल्यांनी त्या दिवशी माझी लाज राखली. ती काच नंतर कधी वर आली नाही, आणि मीही तक्रार टाकली नाही.

टपरीवाली म्हणाली, "एवढंच करायचं होतं त मले सांगता."

सासूबाईंनी आल्याचा चहा घेतला, थोडं बसल्या, मग स्वतःहून उठून खिडकीशी बसल्या. कोपर बाहेर गेलं. चंद्रपूर आलं, गेलं. राजुऱ्याच्या पुढे रस्त्याकडेच्या पानांवर सिमेंटची धूळ दिसायला लागली तेव्हा त्या एका शेळ्यावाल्याशी बोलत होत्या. अंबाडा केव्हाच सुटला होता. पांढरे केस चारी दिशांना उडत होते, त्यांत धूळ, एक पान, काय काय अडकलं होतं. बायको म्हणाली, उतरायच्या आधी विंचरून देते. पण घर दिसताच त्या थांबल्याच नाहीत.

बाई अंगणात खाटेवर उन्हात बसली होती. सून मोठ्याने म्हणाली, "आई, पाहा कोन आलं!" बाईने मान वर केली. आमच्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि सुनेला म्हणाली, "पानी दे यायले."

सासूबाई जागीच उभ्या राहिल्या. लाडवांचा डबा दोन्ही हातांत धरलेला. "बाई, मी व्हय," त्या म्हणाल्या. बाईला ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं नाही.

बाई मात्र त्यांच्या डोक्याकडे पाहत होती. कपाळावर आठी चढली.

"काय केस करून आली हे?" ती एकदम खेकसली. "येवढी मोठी झाली तरी येनी घालता येत नाई तुले? ये इकडं. बस."

सासूबाई खाटेखाली मातीत बसल्या, नवं लुगडं नि सगळं घेऊन. बाईने केसांतलं पान काढलं, गुंता सोडवू लागली आणि सोडवता सोडवता असे केस ओढले की सासूबाईंचे डोळे मिचमिचे झाले. कशाने झाले ते मी विचारलं नाही. मी आणि बायको दोघंही सिमेंट कारखान्याच्या चिमणीकडे फार लक्ष देऊन पाहत होतो.

दुपारी जेवणं झाली. बाईची बोटं अजून बहिणीच्या केसांतच होती. मला वाटलं, आता आपणही आपलं थोडं सांगावं. मी मोह, अस्वल, कंपनी, काच, टपरी सगळं साग्रसंगीत सांगितलं. माझा पराक्रम जरा वाढवूनच सांगितला. बाईने माझ्या ओठांकडे पाहिलं आणि मान हलवली. काही कळलं नव्हतं. मग सासूबाईंनी तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने सगळी गोष्ट आपल्या पद्धतीने सांगितली. "माहा जवाई व्हय हा. गाडीची काच बंद होती, मले येता येत नवतं. अस्वलानं फोडली, मंग आली मी!"

बाईने वेणीचे पेड हातात धरून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"म्हंजे तुले अस्वलानं आनलं म्हन ना," ती म्हणाली. "मंग हा कायले आला?"